मोठी माणसं बोलत नसतील तर

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी रॅक आहे. पाच फळ्या, चार पाय. त्यातला एक पाय किंचित आखूड, म्हणून त्याच्याखाली पुठ्ठ्याची घडी. माझी कहाणी ऐकून तुमचे डोळे पाणावतील असं काही नाही. पाणावलेच, तर कृपा करून जरा लांब उभे राहा. मला गंज फार लवकर चढतो.

माझा पत्रा कळंबोलीच्या लोखंड बाजारातला. माझ्या भावंडांपैकी काहींचे पूल झाले, काही टॉवरच्या पोटात गेली. मी तळवलीतल्या एका किराणा दुकानात लागलो. साबण, खारी, उदबत्त्या, पापड, सगळं मी अंगावर वागवलं. दुकानदार गिऱ्हाइकांना सांगायचा, "रॅक बघा, हत्ती बसवा वर!" हत्ती कुणी आणला नाही, पण कौतुकानं मी आणखी ताठ व्हायचो. मग दुकान बंद झालं, तिथं मोबाइलची कव्हरं लटकली आणि मी भंगारवाल्याच्या अंगणात गेलो. वितळण्याची वाट बघत असताना सत्यभामाकाकी आल्या.

काकी मूळच्या साताऱ्याकडच्या. त्यांचे यजमान मार्केटात माथाडी. काकींनी मला दोन्ही हातांनी गदागदा हलवलं आणि म्हणाल्या, "चालंल. हाडाचा चांगला हाय." माझ्याबद्दल इतकं चांगलं त्यानंतर कुणी बोललेलं नाही. मी अजून त्या वाक्यावर उभा आहे.

घणसोली गावात पुतळाबाईंनी आपली तळमजल्याची खोली काकींना मुलांच्या वाचनालयासाठी दिली. लोक म्हणाले, भाडेकरू का नाही ठेवला? पुतळाबाई म्हणाल्या, "भारेकरू रात्री टीव्ही लावतान. पुस्तका गप बसतान." भिंतीला ओल होती, म्हणून मला दाराशी उभं केलं. त्यामुळे मला अख्खी गल्ली दिसते. गल्लीलाही मी दिसतो. पुढचा सगळा घोटाळा त्यातूनच झाला.

आमची पुस्तकं मोठ्या मुलांची. म्हणजे परीकथांचं हसू येतं आणि मोठ्यांच्या कादंबऱ्या आईनं लपवलेल्या असतात, त्या वयाची. काकींनी आधी ती लेखकांच्या नावांनी लावली. मुलं यायची, मान वाकडी करून बघायची आणि म्हणायची, "काकी, कायतरी भारी द्या ना." मग काकीच विचारायच्या, "काय झालंय?" कुणाचा मित्र तुटलेला असायचा, कुणाला आरशाचा राग यायचा. शेवटी काकींनी दुखण्याप्रमाणेच फळ्या लावल्या आणि माझ्या कपाळावर पट्ट्या चिकटवल्या. 'मित्र तुटला असेल तर', 'गाव किंवा शाळा बदलली असेल तर', 'आरशाचा राग येत असेल तर'. सगळ्यात खाली 'नुसतंच हसायचं असेल तर'. तिथं दिवाळीतल्या फराळासारखी लूट व्हायची. आणि त्याच्या वर, चौथी फळी: 'घरातली मोठी माणसं बोलत नसतील तर'.

या फळीला कुणी हात लावत नव्हतं. मित्रांनो, गावठाणात घरं इतकी जवळ की एकाच्या फोडणीला दुसरा शिंकतो. तिथं या फळीवरचं पुस्तक उचलणं म्हणजे लाउडस्पीकरवर घरचं सांगणं.

ते उचललं रंजितानं. नववीतली मुलगी. तिचे वडील नामदेव समोरच्याच घरात तळमजल्यावर राहतात आणि काका गंगाराम त्यांच्या डोक्यावर. दोघे पुतळाबाईंचे सख्खे भाऊ. गावदेवीच्या जत्रेच्या बॅनरवर गंगारामचा फोटो मोठा आला आणि नामदेवचा पासपोर्टएवढा, तेव्हापासून बोलणं बंद. बॅनर वाऱ्यानं फाटला, अबोला शाबूत. रंजिता आणि तिची चुलत बहीण सोनल एका ताटात जेवणाऱ्या. त्यांनाही जिन्यात एकमेकींकडे बघायची बंदी.

संध्याकाळपर्यंत गल्लीभर बातमी झाली. नामदेव तणतणत दारात आले.

"काय हो काकी! माज्या घरान भांडना हायत असा गावाला सांगताव काय?"

ज्यांना ठाऊक नव्हतं, त्यांनाही आता कळलं.

"दादा, पुस्तक हाय ते," काकी म्हणाल्या.

"नको ता पुस्तक! रंजू, उद्यापासून हिते पाय ठेवायचा नाय!"

मागोमाग आलेल्या रंजिताच्या छातीशी पुस्तक घट्ट होतं. "पप्पा, सोनलशी बोलायचं नाही, आता वाचायचं पण नाही. मग मी करू काय?" तिनं ते माझ्या फळीवर परत ठेवलं. मित्रांनो, माझ्यावर पोती ठेवलेली आहेत, पण इतकं जड काही मी कधी पेललं नव्हतं.

तेवढ्यात पुतळाबाई आल्या. डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, काळा चष्मा. त्यांनी चाचपडत तेच पुस्तक उचललं आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "सत्यभामे, ह्या माज्या नावावर लिव. माजे दोन भाव बोलत नाय. लपवाचा काय त्यान?"

मग त्या ओट्यावर बसल्या. "नाम्या, मना दिसत नाय. वाच."

"बाय, मी?"

"तुजा फोटो बारका व्हता. आवाज तरी मोठा काढ."

गल्ली हसली. मोठ्या बहिणीपुढे नामदेवांचं काय चालणार? ते वाचायला बसले. गोष्ट होती दोन चुलत बहिणींची. घराच्या मधोमध भिंत येते, आणि मांजर मात्र एकच असतं. ते दोन्हीकडचं दूध पितं आणि कुणाचंच नाव घेत नाही. नामदेव आधी अडखळले, मग रंगले, मांजराचा आवाजही काढू लागले. वरच्या गॅलरीत गंगाराम कपडे वाळत घालत होते. एकच टॉवेल ते पुनःपुन्हा झटकत होते.

"त्या दिवशी मांजर आलंच नाही," नामदेवांनी वाचलं. पुढची ओळ त्यांनी मनात वाचली आणि पुस्तक मिटलं. "बास आज."

वरून आवाज आला.

"मंग मांजराचा काय झाला?"

नामदेवांनी वर पाहिलं.

"खाली ये. सांगतो."

गंगाराम टॉवेल खांद्यावर टाकून खाली आले. जिन्यात आधीच रंजिता आणि सोनल बसलेल्या होत्या, एकीच्या खांद्यावर दुसरीचं डोकं. त्यांना ओलांडूनच गंगारामना यावं लागलं. कुणी कुणाला रागावलं नाही. मांजराचं काय झालं ते मी सांगणार नाही. माझ्याकडेच येऊन वाचा.

दुसऱ्या दिवशी रंजिता आली, सोनलला घेऊन. त्यानंतर गल्लीतली माणसं चौथ्या फळीवरून उघडपणे पुस्तकं नेऊ लागली. काही 'शेजारणीसाठी' म्हणून नेतात. काकी मान डोलावतात.

मित्रांनो, मी कृतज्ञ आहे. मला न वितळवणाऱ्या भंगारवाल्याचा, काकींचा, पुतळाबाईंच्या काळ्या चष्म्याचा. माझं मागणं थोडं आहे. ओल्या हातानं फळीला धरू नका, पानं दुमडू नका, वर्षातून एकदा रंगाचा हात फिरवा. आणि घरात कुणी कुणाशी बोलत नसेल, तर मोठ्यानं वाचा. खिडकी उघडी ठेवून.

माझी चौथी फळी हल्ली बऱ्याचदा रिकामी असते. सामान नसलं की रॅकला लाज वाटते. या एका फळीची मात्र मला लाज वाटत नाही.