फ्यूजच्या जागी बल्ब

फ्यूज जळतो म्हणून त्याच्या जागी जाड तार घालणाऱ्या माणसाला मी दुकानात उभं करत नाही. डोंगरमाथ्यावरच्या एल आल्तो शहराच्या थंडीत बेचाळीस वर्षं गाड्यांची वायरिंग बघतोय. गाडी जळू नये म्हणून फ्यूज जळतो, एवढी साधी गोष्ट लोकांच्या डोक्यात शिरत नाही. त्या शुक्रवारी सकाळी कासिल्दाबाईंच्या मिनीबसमध्ये ब्रेक लाइटच्या फ्यूजच्या जागी तार दिसली आणि माझं डोकंच फिरलं.

"ही कुणाची अक्कल?"

"माझी," त्यांचा दीर रेमिहियो म्हणाला. दारात उभा राहून तो सालतेन्या, म्हणजे रश्श्याच्या सारणाची करंजी, खात होता, आतला रस शर्टावर सांडू नये म्हणून मान पुढे काढून. "तुम्हाला दोनदा गाडी दाखवली, मिस्त्री. काय सापडलं?"

काहीच सापडलं नव्हतं, आणि तेच मला झोंबलं. दोन्ही वेळा मी नवा फ्यूज घातला होता, तासभर ब्रेक दाबून पाहिला होता, सगळं ठीक. गाडी लाइनवर, म्हणजे ठरलेल्या मार्गावर, गेली की दुसऱ्या फेरीला फ्यूज गेलेलाच.

ही मिनीबस एउसेबियोची, कासिल्दाबाईंच्या नवऱ्याची. तो मार्चमध्ये गेला. चाळीस दिवसांचं सुतक संपल्यावर बाई स्वतः चालवायला बसल्या आणि तेव्हापासून हे सुरू झालं. ब्रेक लाइट बंद, म्हणून खाली ला पास शहराकडे जाणाऱ्या उतारावर मागून दोनदा धडक बसता बसता राहिली. चालकांच्या संघटनेने रविवारपर्यंत मुदत दिली होती. तोवर गाडी नीट झाली नाही, तर त्या लाइनवर गाडी चालवायचा एउसेबियोचा नंबर बाईंच्या हातून जाणार होता. मिळणार होता रेमिहियोच्या जावयाला.

"गाडीला वहिनी पसंत नाहीत, दुसरं काय!" रेमिहियो बोटं पुसत म्हणाला. "दादा होता तोवर कधी जळला का फ्यूज?"

"गाडीला नाही, भावजी, तुम्हाला पसंत नाही मी," कासिल्दाबाई म्हणाल्या. आवाज चढवला नाही. टोपी काढून त्यांनी मांडीवर ठेवली आणि माझ्याकडे वळल्या. "मिस्त्री, एक सांगू? रिकामी असली की कधी जळत नाही. माणसं खच्चून भरली की जातो."

"माणसं भरली की बाईमाणसाचे पाय थरथरतात," रेमिहियो म्हणाला.

"तुम्ही जरा गप्प बसता का?" मी म्हणालो. हे मी आधीच विचारायला हवं होतं. दोन्ही वेळा मी रिकामी गाडी तपासली होती. लाज वाटली मला.

मी मागचे दोन्ही ब्रेकचे बल्ब काढून ठेवले. तार उपटून फेकली आणि फ्यूजच्या जागी एक बल्ब जोडला. आता त्याला पेटायला काही कारणच नव्हतं. पेटलाच, तर वीज कुठल्यातरी चोरवाटेने पळतेय हे नक्की.

"दाबा ब्रेक."

बाईंनी दाबला. बल्ब विझलेलाच.

"रेमिहियो, आत या. बसा एकेका सीटवर."

"मी? मी काय बटाट्याचं पोतं आहे?"

"त्याहून भारी आहात, म्हणूनच."

कुरकुरत का होईना, तो बसला. पहिल्या रांगेत काही नाही. दुसऱ्या, तिसऱ्या रांगेत काही नाही. शेवटच्या सीटवर, खिडकीशी त्याने बूड टेकवलं आणि बल्ब लख्ख पेटला.

"उठा."

विझला.

"बसा."

पेटला.

"म्हणजे माझ्यामुळे?" त्याने विचारलं. कासिल्दाबाई हसल्या. एउसेबियो गेल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं, मला फार बरं वाटलं.

सीटचे चार बोल्ट काढले. खालून मागच्या दिव्यांकडे जाणारी वायर एका जागी सोलून तांबं दिसत होतं. त्यावर टेकून, सीटच्या स्प्रिंगखाली दबलेली, एक पत्र्याची मिनीबस होती. तळहाताएवढी, निळी. चोवीस जानेवारीच्या जत्रेत मिळते तसली. वर्षभरात जे हवं, त्याची इवलीशी वस्तू घ्यायची, दुपारी बाराच्या ठोक्याला धूप दाखवून घ्यायची आणि घरात जपून ठेवायची. एउसेबियोने ती गाडीतच लपवली होती. हादऱ्यांनी सरकत सरकत ती वायरवर आली असणार; कुणी बसलं की स्प्रिंग तिला उघड्या तांब्यावर दाबायची आणि वीज तिथून पळायची.

"दुसरी गाडी हवी होती त्याला," रेमिहियो म्हणाला. "मला बोलला होता. म्हणाला, चालवायला माणूसही ठरलाय. मला वाटलं, माझा जावई."

मी फडक्याने धूळ पुसली. काचेवर, जिथे लाइनचं नाव लिहितात तिथे, पांढऱ्या रंगात बारीक ब्रशने एकच शब्द लिहिला होता. अक्षर एउसेबियोचं. मी ती गाडी रेमिहियोच्या हातात दिली.

त्याने वाचलं, "कासिल्दा."

बाईंचा पाय अजून ब्रेकवरच होता. त्यांनी हात मागे केला, रेमिहियोने गाडी त्यांच्या हातात ठेवली. त्या बराच वेळ तिच्याकडे बघत राहिल्या आणि रडल्या.

वायरीवर नवं आवरण चढवलं, नळीतून ओढून घेतली, पंधरा अँपिअरचा फ्यूज घातला, ब्रेकचे बल्ब आणि सीट परत बसवली. मग रेमिहियो न सांगता शेवटच्या सीटवर जाऊन बसला, बाईंनी ब्रेक दाबला आणि त्याने दोनदा जोरात आदळून पाहिलं. दिवे लागले, फ्यूज टिकला.

तो खाली उतरला, टोपी नीट केली आणि खिडकीशी गेला.

"वहिनी, रविवारी दहाला संघटनेची सभा आहे. वेळेवर या. दादासारखा उशीर केलात, तर पहिली फेरी मिळायची नाही."