ऋतुजाची खुर्ची

आमच्या मंडळाची मैफल महिन्यातून एकदा, रविवारी सकाळी, नारायण पेठेतल्या एका मंगल कार्यालयात व्हायची. तिथला कायदा एकच. आधी येणाऱ्याने खुर्चीवर रुमाल टाकायचा आणि नंतर येणाऱ्याने तो मानायचा. मध्यंतरापर्यंत त्या खुर्चीला कोणी हात लावत नसे. माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवायला पुण्यात वेळ लागतो, रुमालावर मात्र लगेच बसतो.

या कायद्याचा तोटा कोणाला व्हायचा, तर एकट्याने येणाऱ्याला. "एकट्याच ना आपण? मग जरा पलीकडे होता का, आम्ही तिघं आहोत." असं गोड बोलून माणसाला कुठल्या कुठे पोचवतात.

मैत्री ओव्हाळ पहिल्यांदा आली तेव्हा तिचं असंच झालं. वाघोलीच्या कॉलेजात ती कॉम्प्युटरच्या दुसऱ्या वर्षाला होती. तेव्हा अख्खं पुणं पोरांना कॉम्प्युटर शिकवून अमेरिकेला पाठवायच्या नादात होतं आणि ही पोरगी विश्रांतवाडीहून बस बदलत सतार ऐकायला आली होती. चार वेळा उठवली गेली आणि शेवटी खांबामागे पोचली. त्या दिवशी तिला सतारियाचा फक्त डावा गुडघा दिसला.

पुढच्या महिन्यात ती आमच्या रांगेत बसली आणि शेजारच्या खुर्चीवर तिने निळ्या काठाचा पुरुषी रुमाल पसरला. कोणी सरकायला सांगितलं की म्हणायची, "माझी मैत्रीण येतेय. ऋतुजा." एकटीला उठवता येतं, पण दोघी असल्या की ते कुटुंब होतं.

आमच्या रांगेत तेव्हा चौघं कायमचे होतो. ललिताताई, पासष्टीच्या, याच पेठेतल्या, गायकाचा सूर हलला तर कलाकारालाच डोळे वटारणाऱ्या. पोपटराव, खराडीचे, ज्यांच्या ज्वारीच्या रानात आता काचेची इमारत उभी होती आणि ज्यांना रविवारी घरी करमत नसे. राकेश, तसल्याच एका इमारतीत नोकरी करणारा. आणि मी. लक्ष्मी रोडवर चाळीस वर्षं कापड विकलेला माणूस. गिऱ्हाईक घेणार की नुसतं उलगडायला लावणार हे मला जिना चढतानाच कळायचं. ऋतुजा येणार नाही हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं.

तिसऱ्या मैफलीला ललिताताईंनी विचारलंच. "अगं, ही तुझी ऋतुजा जिवंत आहे ना?"

मैत्रीने आधी इकडचं तिकडचं काहीतरी सांगितलं, मग खरं सांगितलं. कॉलेजात कोणाला हे गाणं नको होतं आणि आईची अट होती की एकटीने जायचं नाही, सोबत पाहिजे. "म्हणून ऋतुजा. आईला कळलं तर माझं येणं बंद."

"आणि हा एवढा डबा?"

"आई दोघींचा देते."

मध्यंतरात डबा उघडला. धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी. ललिताताईंनी आडनाव विचारलं. आमच्या पेठेत ते विचारल्याशिवाय चहासुद्धा पुढे सरकत नाही. मैत्रीने सांगितलं आणि डबा जरा स्वतःकडे ओढून घेतला. ताईंनी तो परत ओढला, एक घास खाल्ला आणि म्हणाल्या, "चटणीत लसूण कमी आहे. आईला सांग."

तेव्हापासून ऋतुजाचा वाटा आम्ही चौघं खायला लागलो. चांगले सहा महिने खाल्ला. एखाद्याच्या नावावर इतकं खाल्ल्यावर त्याला जिवंत ठेवणं आपल्यावर येतं, हा साधा व्यवहार आहे.

आणि ती वेळ आली. एका रविवारी तानपुरे जुळत असताना पांढऱ्या शर्टातले, खिशाला दोन पेनं लावलेले एक गृहस्थ रांगेच्या टोकाशी येऊन उभे राहिले. मैत्रीचा चेहरा उतरला.

"बाबा? तुम्ही?"

"आईने पाठवलंय. ऋतुजाला घरी जेवायला घेऊन ये म्हणाली. भरली वांगी केलीत." ते रुमालाकडे बघत होते. "कुठेय ती?"

"यायचीय अजून. बसा ना."

"तिची जागा आहे ना? मग मी कसा बसू?"

हे भीमराव ओव्हाळ. सरकारी मोजणी खात्यात होते. आयुष्यभर लोकांच्या जमिनींच्या हद्दी मोजून दिलेल्या माणसाला रुमाल काय आणि हद्दीचा दगड काय, सारखंच. तो हलवायचा नाही. ते भिंतीला टेकून उभे राहिले आणि सबंध विलंबित ख्याल त्यांनी दरवाज्याकडे बघत ऐकला. मैत्रीने काहीच ऐकलं नाही. या गायिकेसाठी ती दोन महिने दिवस मोजत होती आणि आता ही आपली शेवटची मैफल, असं तोंड करून बसली होती.

मध्यंतर झालं. भीमराव पुढे आले.

"आली नाही ती."

"आली होती की!" ललिताताई म्हणाल्या. मी त्यांना वीस वर्षं ओळखतो. खोटं बोलताना पहिल्यांदाच पाहत होतो. "आत्ताच चहाला गेली."

"व्हय, व्हय," पोपटराव म्हणाले. "माझ्या म्होरनंच गेली. लई गुणी पोरगी हाय."

"अंकल, तिकडे रश आहे खूप," राकेशने जोड दिली.

भीमरावांनी मान डोलावली. "बरं. मी बघतो तिकडे. कपडे कुठल्या रंगाचे आहेत?"

"हिरवे," ललिताताई म्हणाल्या.

"पिवळं," पोपटराव त्याच दमात म्हणाले.

"जीन्स आहे बहुतेक," राकेश म्हणाला.

मी गप्प बसायला हवं होतं. पण कापडाचा विषय निघाला की मला राहवत नाही. "मोरपंखी," मी म्हणालो. "बारीक बुट्टी, जरीची किनार."

भीमरावांनी एकेकाकडे नीट पाहिलं. "चार साक्षीदार, चार तऱ्हा. आमच्याकडे एवढा फरक निघाला तर फेरमोजणी लावतात."

"बाबा," मैत्री म्हणाली, "ऋतुजा नाहीये. कधीच नव्हती. मी एकटीच येते."

"ते मला रुमाल बघितल्यावरच कळलं. माझाच आहे तो. मी कपाट उपसतोय सहा महिने." मग आमच्याकडे हात करून म्हणाले, "आणि हे सगळे कोण?"

"हे... रांगेतले."

"तुझ्यासाठी खोटं का बोलतात?"

तेवढ्यात पडदा सरकला आणि ललिताताई मूळ स्वभावावर आल्या. "अहो, मध्यंतर संपलं. आता रुमाल चालत नाही. उचला तो आणि बसा, मागच्यांना दिसत नाहीये."

भीमरावांनी रुमाल उचलला, घडी करून खिशात घातला आणि ते ऋतुजाच्या खुर्चीवर बसले. पुढच्या रागातली द्रुत बंदिश सुरू झाली तसा त्यांचा अंगठा पँटच्या शिवणीवर ताल धरायला लागला. मैत्रीने ते पाहिलं आणि मग कुठे तिने स्टेजकडे बघितलं.

शेवटी ते उठले, पण जागचे हलेनात.

"माझं काही नाही हो," ते ललिताताईंना म्हणाले. "एवढी माणसं आहेत म्हटल्यावर माझी हरकत नाही. पण अट तिच्या आईची आहे. मी ऋतुजाशिवाय घरी गेलो तर हिचं येणंही बंद आणि वांगी मलाही मिळणार नाहीत."

ललिताताईंनी पर्स काखेत मारली. "चला मग."

"कुठे?"

"जेवायला. बोलावणं आहे ना?"

माझी फियाट होती म्हणून मीही गेलो. वांग्यांचा त्यात काही संबंध नाही. वाटेत मैत्री चार वेळा म्हणाली, "आईला काय सांगायचं?" आणि ताई चार वेळा म्हणाल्या, "मी आहे ना."

दार आईने उघडलं. हातात पळी तशीच. तिने नवऱ्याकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं, मग नऊवारीतल्या ललिताताईंकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. मैत्री बाबांच्या मागे सरकली. भीमरावांनी खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलं. आणि ज्या "मी आहे ना" म्हणत आल्या होत्या, त्या ताईसुद्धा पदर सारखा करायला लागल्या.

"चटणीत लसूण कमी आहे म्हणणाऱ्या त्या तुम्हीच ना?" आईने विचारलं.

"हो," ताई म्हणाल्या. "कमीच असतो."

"वाटलंच मला. ही सांगायची, ऋतुजा म्हणते म्हणून. कॉलेजातली पोरगी कुठली लसणाची तक्रार करते!" ती मैत्रीकडे वळली. "ताटं घे. आणि ऋतुजाला आत बसव, उन्हातनं आली आहे."