पंचमीची गांडुळं

धाकट्या मुलाचं, अंगदचं, लग्न झालं ते २०२४ साल. त्या वर्षी नागपंचमीला नात जया सकाळपासून घरात येरझारा घालत होती. दुसऱ्या दिवशी श्रीरामपूरच्या कॉलेजात पाठीचा कणा नसलेल्या प्राण्यांचा संग्रह द्यायचा होता. विंचू, गोम, गोगलगाय बाटल्यांत होती. गांडूळ तेवढं राहिलं होतं. तिनं कुदळ उचलली, तशी माझी बायको कडूबाई दारात आडवी उभी राहिली.

“आज मातीत कुदळ घालायची न्हाई.”

“आजी, मार्क जातील गं! गांडुळाचा गटच निराळा.”

“गोगलगाय हाय की. तिला बी हाड न्हाई, ह्याला बी न्हाई. भावबंदच ते.”

“तिच्या अंगाला गांडुळासारखी कडी असतात का?”

“लई शिकलीस. खनायचं न्हाई म्हनले मी. वेचायला कुनी अडवलंय?”

आदल्या रात्री भुरभुर झाली होती. कडूबाईनं उकिरड्याकडेचं ओलं पाचट हातानं उचललं आणि पाच गांडुळं ओल्या मातीसकट बाटलीत घातली.

“जित्तीच ने. मारायचं ते उद्या, तुझ्या मास्तरापुढं.”

बाटलीवर चिकटवायची चिठ्ठी मी लिहायला बसलो. “आबा, वेचणाऱ्याचं नावही लागतं,” जया म्हणाली. मी प्राणी, गट, गाव लिहून खाली कडूबाईचं नाव घातलं. अक्षर वाकडं येई, म्हणून तीनदा लिहिलं.

संग्रह पास झाला. कडूबाई ११ मार्च २०२५ रोजी वारली.