मधल्या खोलीचा पंचनामा

गुरुवारी सकाळी अनसूयाबाई घोडके अर्धा लिटर दूध आणायला गेल्या आणि तेवढ्यात त्यांच्या घरातली मधली खोली चोरीला गेली. खोलीत त्यांचा नवरा झोपलेला होता, तोही गेला.

कुलूप तुटलं नव्हतं, कौल हललं नव्हतं. बाईंनी सवयीने बाहेरच्या खोलीतून पाऊल टाकलं ते थेट शेगडीपुढे पडलं. बाहेरची खोली आणि स्वयंपाकघर एकमेकांना अशी चिकटली होती की मध्ये पोस्टकार्ड सरकलं नसतं. त्या परत बाहेर गेल्या, परत आत आल्या. दहा बाय नऊची खोली, लोखंडी खाट, भिंतीवरचं घड्याळ, औषधांचं स्टूल, रस्त्याकडची खिडकी, खिडकीचा हिरवा पडदा, सगळं साफ. दूध तेवढं त्यांनी तापवून ठेवलं, नाहीतर नासलं असतं.

आता हे दिगंबरराव घोडके म्हणजे एस.टी.चे रिटायर ड्रायव्हर. दोन वर्षांपूर्वी डावं अंग गेलं ते गेलंच. डॉक्टरांनी सांगितलं होतं, दर दोन तासांनी कूस बदला, नाहीतर पाठीला जखम होईल आणि ती हाडापर्यंत जाईल. या बाईने दोन वर्षांत लग्नं चुकवली, मयतं चुकवली, सख्ख्या बहिणीचं बारावं चुकवलं, पण एक कूस चुकवली नाही. आज सकाळी सात वाजता उजव्या कुशीवर वळवून त्या दुधाला गेल्या होत्या. म्हणजे नऊच्या आत खोली सापडायला हवी होती.

शोधायला लांब जावंच लागलं नाही. दिगंबररावांची खोकण्याची एक पद्धत होती, तीनदा खोकायचं आणि मग 'च्यायला' म्हणायचं. ते 'च्यायला' शेजारच्या पाटसकरांच्या घरातून आलं. पाटसकरांच्या घराला काल तीन खिडक्या होत्या, आज चार होत्या. चौथीला हिरवा पडदा होता. बरं, मुलाचं लग्न ठरलंय आणि एक खोली कमी पडते हे पाटसकर महिनाभर गल्लीत सांगत फिरत होते. सांगून चोरी करणारा माणूस म्हणायचा!

बाईंनी दार वाजवलं. पाटसकर दार अडवूनच उभे राहिले. इस्त्रीचा पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं.

"भाऊ, आमची मधली खोली तुमच्याकडे आली का?"

"वहिनी, असं तोंडी बोलू नये," पाटसकर म्हणाले. "रीतसर तक्रार द्या."

"त्यांना नऊ वाजता वळवायचंय हो. मला नुसतं आत येऊ द्या."

"रीतसर द्या," असं म्हणून त्यांनी दार लावून घेतलं.

आतून आवाज आला, "अगं ए, कुठं आहेस?"

"आलेच हो!" बाई रस्त्यावरून ओरडल्या, आणि चपला हातात घेऊन पोलीस ठाण्याकडे पळाल्या. पासष्टीची बाई, भर बाजारातून.

ठाण्यात तक्रारी लिहून घ्यायला गुंजाळ हवालदार बसले होते. मोठे साहेब बंदोबस्ताला गेले होते. ते कायमच बंदोबस्ताला गेलेले असत, त्यांच्या खुर्चीवर टॉवेल तेवढा बसलेला असे.

"काय गेलं?" गुंजाळांनी मान वर न करता विचारलं.

"खोली गेली साहेब. मधली."

"किती बाय किती?"

"दहा बाय नऊ. आत आमचे मालक आहेत."

गुंजाळांनी पेन खाली ठेवलं. "मावशी, असं चालत नाही. वस्तू गेली तर चोरी. माणूस गेला तर बेपत्ता. रजिस्टरं वेगळी, टेबलं वेगळी. एका कागदावर दोन्ही लिहिता येत नाही."

"मग माणूस लिहा. माणूस आधी लिहा."

"कुठं आहेत ते माहीत आहे का?"

"आहे ना. पाटसकरांच्या घरात."

"माहीत आहे, मग बेपत्ता कसे?"

आता बोला! बाईंनी सगळं पहिल्यापासून सांगितलं. सांगून झालं तेव्हा गुंजाळांपुढचं लाकडी काउंटर बोटभर उंच झालं होतं. "पुन्हा सांगा," गुंजाळ म्हणाले. बाईंनी पुन्हा सांगितलं, काउंटर आणखी बोटभर वर गेलं. तिसऱ्यांदा सांगताना त्या टाचा उंचावून बोलत होत्या. पाचव्यांदा सांगताना त्यांना गुंजाळांची टोपी तेवढी दिसत होती. मग टोपीही दिसेना. वरून आवाज यायचा, "हां, पुढं?" भिंतीवरच्या घड्याळात नऊ वाजून गेले. बाईंना रडू फुटलं, पण रडण्यात वेळ जातो म्हणून त्यांनी ते आवरलं.

"ठीक आहे," वरून आवाज आला. "खोलीची चोरी म्हणून घेऊ. पण आधी जागेचा पंचनामा. दोन पाय ठेवून बघितल्याशिवाय आम्ही लिहीत नाही. पंच लागतील, तुमच्या भागातले प्रतिष्ठित."

"कोण मिळणार या वेळी?"

"आमचे ठरलेले आहेत. वीस वर्षं तेच येतात, सह्या चांगल्या करतात. बोलावलंय त्यांना."

दारातून पाटसकर आले. इस्त्रीचा सदरा, दोन पेनं.

"साहेब, अहो हेच ते! यांनीच नेलीय खोली!"

"मावशी, पंचावर असं बोलायचं नसतं," गुंजाळ म्हणाले. "उद्या पंच म्हणून उभं राहायला येईल का कोणी?"

पाटसकरांनी वहिनींना लवून नमस्कार केला. निर्लज्जपणाला पण काही माप असावं की नाही!

घोडक्यांच्या घरी मोजायची टेप लावली गेली. पाटसकर सांगत होते, गुंजाळ लिहीत होते. "पश्चिमेला बाहेरची खोली. पूर्वेला स्वयंपाकघर. दोहोंमध्ये अंतर शून्य. मधली खोली आम्हा पंचांस दिसून आली नाही." लिहिताना पेन कुरकुरत होतं.

"स्वयंपाकघरात काय काय आहे?"

"शेगडी एक. पातेलं एक, दुधासह." पाटसकरांनी इकडेतिकडे पाहिलं. "बस."

बाईंनी वळून पाहिलं तर डब्यांची मांडणी गेलेली होती. मांडणीच्या मागची भिंत दीड हात पुढे आली होती.

"मांडणी! मांडणी राहिली लिहायची!"

"आता ओळ संपली, मावशी."

तेव्हा कुठे बाईंच्या लक्षात आलं. त्या खोल्यांमधून धावत सुटल्या. "ही खुर्ची लिहा! सासूबाईंचा फोटो लिहा! हा पंखा, वर बघा ना, पंखा!" पण पाटसकर आपल्या गतीने सांगत होते आणि गुंजाळांचं अक्षर मोठं होतं. खुर्ची राहिली, गेली. फोटो राहिला, गेला. भिंती ओळीओळीने जवळ आल्या. कागद भरला तेव्हा घराला एक उंबरा, एक शेगडी आणि दुधाचं पातेलं उरलं होतं. आत तिघं माणसं एकमेकांना खेटून उभी होती.

"करा सही."

"घरच राहिलं नाही, सही कशावर करू?"

"सही केली तर तक्रारीला नंबर पडेल. नंबर पडला तर झडती घेता येईल. नसेल करायची तर राहू दे, आम्हाला काय!"

पलीकडून तीन खोकले ऐकू आले. त्यानंतर 'च्यायला' आलं नाही. अकरा वाजून गेले होते, दोन कुशी चुकल्या होत्या. बाईंनी सही केली. एवढी वळणदार सही त्यांनी लग्नाच्या दाखल्यावरही केली नव्हती.

झडतीलाही तेच पंच. पाटसकरांनी स्वतःच्या घराचं दार बाहेरून वाजवलं, आत जाऊन उघडलं आणि पुन्हा बाहेर येऊन उभे राहिले. खोली तिथेच होती, पाहुण्यांसाठी सतरंजी घातलेली. खाटेवर दिगंबरराव उजव्या कुशीवर तसेच पडलेले, ओठ पांढरे. बायकोला पाहिल्यावर त्यांचा एक डोळा भरून आला. दुसरा भरत नसे.

"किती उशीर गं," ते म्हणाले.

बाई झेपावल्या. गुंजाळांनी हात आडवा घातला. "हात लावायचा नाही. हा आता मुद्देमाल आहे. चोरीचा माल सापडला की तो सरकारजमा, कोर्ट सांगेल त्याला मिळणार."

"एकदा वळवते आणि बाजूला होते."

"पुराव्याची स्थिती बदलता येत नाही, मावशी."

यादी सुरू झाली तेव्हा मात्र बाई सावध होत्या. खोली, खाट, गादी, नवरा, खिडकी, पडदा, एकेक नाव त्या घसा ताणून सांगत गेल्या आणि गुंजाळांनी ते लिहिलं. नवऱ्याकडे बघण्याच्या नादात भिंतीवरचं घड्याळ आणि औषधांचं स्टूल तेवढं राहिलं. घड्याळाच्या जागी भिंतीवर एक स्वच्छ गोल उरला.

मग चार शिपायांनी चार कोपऱ्यांना खांदा देऊन खोली उचलली. भर बाजारातून ती ठाण्याकडे निघाली. भाजीवाल्यांनी हातगाड्या मागे घेतल्या, एकाने टोपी काढली. बाई खिडकीच्या बाजूने चालत होत्या, गजांना धरून.

"पाणी," आतून दिगंबरराव म्हणाले.

एका भाजीवालीने आपली बाटली बाईंच्या हातात दिली. बाईंनी ती गजांतून आत सरकवली, तोच गुंजाळांनी काढून घेतली.

"मुद्देमालात भर घालता येत नाही."

"पाणी आहे हो ते!"

"यादीत पाणी नाही."

माणसाने बोलावं तरी काय? बाईंनी हातगाडीवरच्या भाजीवर शिंपडायच्या पाण्यात पदर बुडवला आणि चालता चालता गजांतून हात घालून तो नवऱ्याच्या ओठांपर्यंत नेऊ पाहिला. हात पोचत नव्हता. चार बोटं कमी पडत होती, ठाणं येईपर्यंत चार बोटंच कमी पडत राहिली.

ठाण्यामागच्या आवारात खोली खाली ठेवली. तिथे गंजलेल्या सायकली होत्या, एक हातगाडी होती, एक अख्खा दुकानाचा गाळा होता. दारावर फडकं बांधलं, फडक्यावर लाख ओतून शिक्का मारला, चिठ्ठी डकवली. वाळलेल्या लाखेवरून गुंजाळांनी अंगठा फिरवून पाहिला.

"कोर्टातून सोडवून घ्या."

"कधी?"

"तारीख पडेल."

"तोपर्यंत त्यांना कोण वळवणार?"

"पाटसकरांनी पण अर्ज दिलाय," गुंजाळ म्हणाले. "त्यांच्या घरातून एक खोली नेली म्हणून. लग्न तोंडावर आलंय त्यांच्याकडे. दोन दावेदार झाले की वेळ लागतोच."

बाई आवारात बसून राहिल्या. घरी जायचं तर घरी उंबरा होता. एक वाजून गेला. तीन वाजले. पलीकडच्या गाळ्यातून कोणीतरी बारीक आवाजात विचारलं, "बाहेर कोण आहे? अजून तेच सरकार आहे का?" त्या गाळ्याची लाख काळी पडली होती, चिठ्ठी पार कोरी झाली होती. बाईंनी तिकडे पाहिलं, मग आपल्या दाराकडे पाहिलं.

"अगं ए," आतून आवाज आला, आता अगदी हळू. "पाठ जळतीय गं."

"आले," बाई म्हणाल्या. त्यांनी दगड उचलला आणि लाख फोडली.

दोनदा तरी घाव घालावे लागले असतील नसतील, ठाण्याचं मागचं दार उघडलं आणि गुंजाळ काउंटरसकट बाहेर आले. काउंटर बाईंच्या गुडघ्याइतकं झालं होतं. रजिस्टर उघडलेलं, पेन वाहतं, वेळ, तारीख, नाव, कलम, सगळं त्यांनी एका दमात लिहिलं. दिवसभर ज्या बाईचं एक वाक्य कागदावर उतरत नव्हतं, तिच्यावरचा गुन्हा पाव मिनिटात नोंदला गेला. नंबरही लगेच पडला. साक्षीला पाटसकर होतेच.

बाईंना त्याचं काही नव्हतं. त्या आत होत्या. त्यांनी एक हात खांद्याखाली घातला, एक कमरेखाली, आणि रोजच्यासारखं "हं, एक, दोन, तीन" म्हणत नवऱ्याला वळवलं. पाठ लाल झाली होती, एका जागी कातडी गेली होती. बाईंनी फुंकर घातली. दिगंबररावांनी मोठा श्वास सोडला.

"बरं वाटलं," ते म्हणाले. "किती वाजले?"

बाईंनी भिंतीवरच्या स्वच्छ गोलाकडे पाहिलं. "पाच वाजत आले असतील. आता सातला वळवीन."

मागे दार लागलं.

"लिहा," बाहेर पाटसकरांचा आवाज आला. "खोली एक. खाट एक, गादीसह. पुरुष एक. बाई एक."

पेन कुरकुरत होतं. मग थांबलं.

"बस?" गुंजाळांनी विचारलं.

बाई ताडकन उठल्या, दारावर दोन्ही हात आपटले. "खिडकी! खिडकी राहिली! भाऊ, खिडकी लिहा!"

"वहिनी, मध्ये बोलू नका," पाटसकर म्हणाले. "पंचनामा चालू आहे."

काडी ओढल्याचा आवाज आला आणि फटीतून गरम लाखेचा वास आत येऊ लागला. बाईंनी वळून पाहिलं. हिरव्या पडद्यातून दिगंबररावांच्या पाठीवर उन्हाचा एक पट्टा पडला होता, हातभर रुंद. बघता बघता तो वीतभर झाला.