यादीतलं एक नाव

मी मतदारसंघ बोलतोय. न्यू जर्सीतला, शहरी, दाटीवाटीचा. मला ना हात ना पाय. आहे ती एक सीमारेषा आणि मतदारांची यादी.

रेशमाच्या गिरण्यांच्या काळात माझा जन्म झाला. आधी आयरिश, इटालियन कामगार आले, मग अमेरिकेच्या दक्षिणेतली कृष्णवर्णीय कुटुंबं, नंतर तुम्ही भारतीय. युनियनच्या जोरावर पन्नास वर्षं मी डेमोक्रॅट पक्षाचा राहिलो. गेल्या दोन निवडणुकांत मात्र डळमळतोय. दर जनगणनेनंतर नकाशा नव्यानं काढतात. एकदा माझा नदीकाठ कापून शेजाऱ्याला दिला. तेव्हापासून नकाशा उलगडला की मला धडकी भरते.

पण यंदाची भीती वेगळी आहे. नागपूरचा अनीश इथं सॉफ्टवेअरचं काम करतो. ड्रायव्हिंग लायसन्स रिन्यू करताना तिथल्याच पडद्यावर विचारलं, मतदार व्हायचंय? त्यानं घाईत ‘हो’ केलं. महिन्याभरात मतदार नोंदणीचं कार्ड घरी आलं. सरकारनं पाठवलं म्हणजे तपासूनच पाठवलं असणार, असं त्याला वाटलं. मतदानाच्या दिवशी तो शाळेतल्या रांगेत हसतमुख उभा राहिला. मागे त्याच्याच बिल्डिंगमधल्या सुवर्णा मावशी.

“तू इथं कसा रे?”

“व्होट करायला, मावशी! सीट टाइट आहे यंदा.”

“अरे, पण तुझी सिटिझनशिपची ओथ कधी झाली? पेढे नाही आले ते! आपल्या बिल्डिंगमध्ये पेढे न वाटता कुणी सिटिझन झालंय का?”

“ओथ? अजून ग्रीन कार्डच आहे. पण हे बघा, कार्ड आलंय ना...”

मावशींनी त्याचा दंडच धरला. “बाहेर हो आधी! ग्रीन कार्डवर मत दिलंस तर देशाबाहेर काढतील. तिथं ‘सॉरी यार’ चालत नाही.”

पुढे दोनच माणसं उरली होती. अनीश रांगेतून बाहेर पडला, गाडीत बसला आणि लायसन्सच्या दिवसाची उजळणी करू लागला. त्या पडद्यावर ‘तुम्ही नागरिक आहात का?’ असंही विचारलं होतं का? त्यालाही आपण ‘हो’ केलं का? मग तर मत न देताही हद्दपारी होऊ शकते. काही केल्या आठवेना.

वकिलाला विचारून त्यानं नाव काढण्याचा अर्ज दिला आहे. उत्तर आलेलं नाही. टपालाची गाडी थांबली की तो खिडकीशी जातो.

माझा जीव मतदारांवर. तरी निवडणूक कचेरीतल्या बाबांनो, हे एक नाव माझ्या यादीतून लवकर खोडा. फक्त यादीतून. माणूस राहू द्या इथंच.