वास येऊ नये म्हणून

मी एक जुनी टाकी आहे, मित्रांनो. जुनी म्हणजे किती, असे तुम्ही विचाराल. चार वर्षांची. चार वर्षांच्या मुलाला कोणी म्हातारे म्हणत नाही. पण मी प्रयोगाची टाकी आहे, आणि प्रयोगाला चार वर्षांत म्हातारपण येते. कोलशेतला खाडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक लहानशी भाजी मंडई आहे. तिच्या मागच्या बाजूला, मोडक्या हातगाड्यांच्या शेजारी मी उभी असते. माझी गोष्ट तुमच्या वेळेला साजेशी आहे की नाही, याची मला खात्री नाही. तरीही सांगते. मध्येच कंटाळा आला तर उठून जा, मी रागावणार नाही.

माझा जन्म डोंबिवलीच्या एमआयडीसीत आनंदाशेठच्या शेडमध्ये झाला. ते पाण्याच्या टाक्या बनवीत. एके दिवशी ठाण्याच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातल्या प्राध्यापक हेमांगीताई कागदाची गुंडाळी घेऊन त्यांच्याकडे आल्या. कागदावर मी होते. एक मोठी टाकी आणि तिच्यात उपडी बसणारी दुसरी. खालच्या टाकीत भाजीचा कचरा कुजायचा, त्यातून गॅस निघायचा, आणि त्या गॅसने वरची उपडी टाकी हळूहळू वर उचलली जायची.

आनंदाशेठनी चित्र उलटसुलट करून पाहिले. "मॅडम, गॅस निघेल हे ठीक आहे. वासाचं काय?"

"थोडा येईल," हेमांगीताई म्हणाल्या.

"मग लोक गॅसचं नाव घेणार नाहीत. वासाच्या नावानेच बोंबलतील."

हेमांगीताई हसल्या. त्यांना ते खरे वाटले नाही.

मला बनवायला जे पैसे लागले, ते एका निधीतून आले होते. शहराने हवेत जितका तापवणारा वायू सोडावा तितकाच परत शोषून घ्यावा, म्हणजे त्याच्यामुळे पृथ्वीच्या तापात भर पडणार नाही, अशा शहरांसाठी नवे शोध लावणाऱ्यांना तो निधी मदत करीत असे. भाजीचा कचरा शहराबाहेरच्या डम्पिंगच्या मैदानावर सडला की त्यातून असाच वायू सुटतो. तोच वायू मंडईतच पकडून चुलीत जाळावा, एवढी साधी हेमांगीताईंची कल्पना. पहिल्या टप्प्यात मी एकटी. मी नीट चालले, तर दुसऱ्या टप्प्यात शहरातल्या बारा मंडयांत माझ्या बारा बहिणी. हेमांगीताईंनी त्यांच्या जागासुद्धा नकाशावर पेन्सिलीने ठरवून ठेवल्या होत्या.

सुरुवातीला माझ्यात शेण कालवून ओतले. पंचवीस दिवस काहीच झाले नाही. हेमांगीताई रोज संध्याकाळी कॉलेज सुटल्यावर यायच्या, टोमॅटोच्या क्रेटवर बसायच्या आणि पुस्तक उघडून माझ्याकडेच पाहत राहायच्या. सव्विसाव्या दिवशी माझी वरची टाकी चार बोटे उचलली गेली. मंडईच्या कोपऱ्यात कल्पिताताई पोळी-भाजीचे केंद्र चालवते. मूळची कोलशेत गावातलीच. तिच्या शेगडीला माझी नळी जोडली होती. तिने काडी ओढली आणि निळी ज्योत उभी राहिली.

"मॅडम, ही तर खरंच पेटली," कल्पिताताई म्हणाली, आणि लगेच तवा चढवला.

त्यानंतरची तीन वर्षे माझ्या सुखाची होती. हेमांगीताईंनी रघुदादाला माझ्याकडे नेमले होते. रघुदादा मंडईत झाडलोटीला होता, कंत्राटावर. त्याच्या वडिलांनी खाडीवरच्या मिठागरात काम केले होते. तो स्वतः झाडू घेऊन कामाला लागला. रोज सकाळी तो कोबीची पाने, सडके टोमॅटो, काकड्या गोळा करी, कोयत्याने बारीक चिरी आणि पाण्याबरोबर माझ्या तोंडात घाली. किती घालायचे ते त्याला सांगितलेले होते. एक दिवसही त्याने खाडा केला नाही.

"रघुदादा, घरी वयनीला कधी असा चिरून वाढलंस का?" कल्पिताताई विचारायची.

"ती मना चिरंल," रघुदादा म्हणायचा.

मला पाहायला पुष्कळ लोक येत. कॉलेजची मुले आली, वर्तमानपत्रवाले आले, दिल्लीहून कोणी आले. हेमांगीताई एरवी चार माणसांत बोलायला लाजत, पण माझ्याजवळ उभ्या राहिल्या की त्यांना शब्द सापडत. माझ्या पोटात कोट्यवधी जीव आहेत, डोळ्यांना न दिसणारे, ते कचरा खातात आणि गॅस सोडतात, त्यांना हवा चालत नाही, औषध चालत नाही, असे त्या समजावून सांगत. हे सगळे त्या इंग्रजीत सांगत. माझ्यावरच्या फलकावरही तेच इंग्रजीत लिहिले होते. रघुदादा त्या वेळी मागे बादली धरून उभा असायचा. पाहुणे गेले की तो फलक ओल्या फडक्याने पुसून काढायचा.

मित्रांनो, आता जे सांगायचे आहे ते सांगताना मला कोणाला दोष द्यावा ते कळत नाही.

गेल्या वर्षी पहिल्या टप्प्याची मुदत संपत आली. निधीची समिती मला पाहायला येणार होती. ठरलेल्या मंगळवारी त्यांच्यासमोर ज्योत पेटली की दुसरा टप्पा मिळणार, असे जवळजवळ ठरलेलेच होते. हेमांगीताई आठ दिवस कॉलेजात अहवाल लिहीत बसल्या. दीडशे पानांचा अहवाल समितीने मागितला होता. त्या आठ दिवसांत त्या माझ्याकडे एकदाही आल्या नाहीत.

त्यांच्याऐवजी मंडईचा मुकादम नाथा आला. "रघु, मंगळवारी साहेबलोक येतायत. टाकी एकदम चकाचक पाहिजे. आणि वास आला ना, तर तुझं कंत्राट गेलं समज."

रघुदादाने मला घासले, पुसले, हिरवा रंग दिला. शुक्रवारी दुपारी तो माझ्या तोंडाशी वाकला, वास घेतला आणि फिनेलचा पाच लिटरचा कॅन माझ्यात रिकामा केला. घरी पाहुणे यायचे असले की आपण न्हाणीघरात ओततो, तितक्याच आपुलकीने.

मला ते कसे वाटले, हे सांगणे कठीण आहे. माझ्या पोटात रात्रंदिवस एक बारीक खळबळ असायची. तिच्यामुळे मी टाकी असूनही रिकामी वाटत नसे. ती खळबळ शनिवारपर्यंत मंदावली आणि रविवारी थांबली. जीव मेले की कचरा नुसता आंबतो. म्हणून माझा वास कमी होण्याऐवजी वाढला. रघुदादाला वाटले, अजून सफाई कमी पडली. रविवारी संध्याकाळी त्याने आणखी अर्धा कॅन ओतला.

सोमवारी कल्पिताताईची ज्योत पिवळी पडली. "आज टाकीला भूक नाय वाटतं," ती म्हणाली. साठवलेला गॅस तिने दुपारपर्यंत संपवला. वरची टाकी खाली बसली.

मंगळवारी अकरा वाजता समिती आली. पाच जण होते. हेमांगीताईंनी नवी साडी नेसली होती. त्यांनी नळ उघडला, काडी ओढली. काडी विझली. दुसरी ओढली. मग त्या माझ्या तोंडाशी वाकल्या आणि तशाच थांबल्या.

"रघु, आत काय टाकलंस?"

"काय नाय मॅडम. कचरा. नि फिनेल."

"फिनेल कशाला?"

"वास येऊ नये म्हणून," रघुदादा म्हणाला. त्याचा आवाज अगदी लहान झाला होता. "मुकादम बोललेला. मना वाटला, आतून पण साफ पायजे."

"अरे, आत जीव आहेत. ते मेले."

रघुदादाने माझ्याकडे पाहिले. जिवंत वस्तूकडे पाहावे तसे, तीन वर्षांत प्रथमच. "मना कोनी सांगलाच नाय," तो म्हणाला.

हेमांगीताईंची नजर माझ्यावरच्या इंग्रजी फलकाकडे गेली. समितीच्या अध्यक्षांचे केस पांढरे होते आणि ते वाईट माणूस नव्हते. ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, एका कॅन फिनेलने जे बंद पडतं, ते बारा मंडयांत कसं चालणार?"

"सर, दुसऱ्या टप्प्यात तेच शिकायचं आहे," हेमांगीताई म्हणाल्या. "ज्यांच्या हातात टाकी असते, त्यांना ती कशी समजावून द्यायची, ते. तंत्र आम्हाला आलंय. ते नाही आलं."

"पण हे अर्जात कुठे लिहिलेलं नाही."

"नाही. मला आज कळलं."

अध्यक्षांनी वहीत काहीतरी लिहिले. चहा कल्पिताताईने शेजारच्या दुकानातून मागवला. सगळ्यांनी तो घेतला आणि ते गेले. जाण्यापूर्वी एकाने माझा फोटो काढला. तो पुढे निधीच्या पुस्तिकेत छापून आला. त्या फोटोत मी फार छान दिसते, ताजी हिरवीगार. आत सगळे मेलेले होते.

पंधरा दिवसांनी नकाराचे पत्र आले.

मला वाटले, आता हेमांगीताई येणार नाहीत. पण त्या आल्या. कॉलेजातून एक सूक्ष्मदर्शक पिशवीत घालून आणला होता. रघुदादाने माझ्यातले निम्मे पाणी उपसून टाकले होते आणि चुलतभावाच्या तबेल्यातून दोन ड्रम शेण आणून ओतले होते. हेमांगीताईंनी शेणाचा एक थेंब काचेवर घेतला आणि रघुदादाला नळीतून पाहायला सांगितले. तो बराच वेळ एक डोळा मिटून पाहत राहिला.

"हलतंय काय तरी," तो म्हणाला.

"हं. यांच्यासाठीच तू रोज चिरतोस."

"हे आधी दाखवला असतात तर, मॅडम."

"हो," हेमांगीताई म्हणाल्या.  क्रेटवर बसून त्यांनी त्याला सगळे सांगितले. दिल्लीच्या पाहुण्यांना सांगत त्याच गोष्टी, या वेळी मराठीतून, आणि दोन-तीनदा. रघुदादाने असे प्रश्न विचारले, जे आजवर कोणत्याही पाहुण्याने विचारले नव्हते. थंडीत हे जीव गारठतात का? कांद्याची साले त्यांना झोंबतात का?

त्यानंतर त्याने मला बाळंतिणीसारखे सांभाळले. पहिले काही दिवस थोडेसेच खायला दिले. कांदा, लिंबू वेगळे काढले. एकेचाळिसाव्या दिवशी माझी टाकी पुन्हा उचलली आणि कल्पिताताईची ज्योत निळी झाली. मला पुन्हा माझ्या पोटातली खळबळ जाणवू लागली.

हेमांगीताईंनी तेथूनच समितीला फोन लावला. पलीकडचे बोलणे मला ऐकू आले नाही. त्यांचे आले.

"हो, चालू आहे... नाही सर, तीच टाकी... म्हणजे फक्त नव्या कल्पनांनाच?... चालणाऱ्या गोष्टीला कुठला निधी असतो, सर?... बरं."

त्यांनी फोन ठेवला. पुढच्या आठवड्यात मंडईच्या कचेरीतून कागद आला. प्रयोगाची परवानगी प्रयोगाच्या मुदतीपुरती होती. मुदतीनंतर गॅस पेटवून काही झाले तर जबाबदार कोण, असे त्यात विचारले होते. हेमांगीताई चार कचेऱ्यांत जाऊन आल्या. मी जबाबदार, असे लिहून द्यायला कोणी तयार झाले नाही. त्या स्वतः लिहून देत होत्या, तर ते चालत नव्हते.

शनिवारी त्या आल्या, तेव्हा रघुदादा कोबी चिरत होता. कल्पिताताईच्या शेगडीला सकाळीच सिलिंडर जोडून झाला होता. ती तव्याकडे पाठ करून उभी होती.

"रघु, आजपासून घालू नकोस," हेमांगीताई म्हणाल्या.

रघुदादाने कोयता खाली ठेवला. चिरलेल्या कोबीने भरलेली बादली त्याच्या पायाशी होती.

"आतले मरतील ना, मॅडम?"

"हो."

"किती दिवसांत?"

"हळूहळू. महिना, दीड महिना."

त्याने बादली उचलली आणि कचरागाडीत ओतली. गाडी डम्पिंगकडे गेली.

मित्रांनो, पाच आठवडे झाले आहेत. पोटातली खळबळ अजून पूर्ण थांबलेली नाही. कधीकधी पहाटे मला ती जाणवते. तुम्ही पुढे मोठे व्हाल. तुमच्यापैकी कोणी शोध लावतील, कोणी शोधांना पैसे देतील. माझे एकच मागणे आहे. नवी वस्तू जन्माला घालाल, तेव्हा तिला रोज खायला कोण घालणार आहे, त्याचे नाव आधी विचारा. त्याला सगळे समजेल असे सांगा. आणि ती चालू लागल्यावरही तिच्यासाठी थोडे राखून ठेवा. रघुदादा रोज सकाळी मंडई झाडतो. माझ्यापाशी आला की तो झाडू थांबवतो, मला कान लावतो आणि पुढे जातो.