वरचा उजवा कोपरा

पितळेवर कोरलेलं खोडता येत नाही.

तीन कप चहा, एकात साखर नाही.

"फुकट आहे, दादा! जन्मभर फुकट!"

शवागार डावीकडे आहे.

दोनशे चौदा फाईली, आणि झाडून सगळ्यांचं नाव 'नवीन'.

आता नीट सांगायचं तर असं. नवरा-बायकोचं पाट्या कोरून देण्याचं ऑफिस. नवरा गिऱ्हाईक आणतो. बायको कॉम्प्युटरवर पाटी आखते आणि मशीनवर कोरते. अकरा वर्षं. कॉम्प्युटर थकला, तेव्हा नव्यावर पुन्हा विंडोजच घालायचं की लिनक्स, हे ठरवायला केबिनमध्ये सभा भरली. नवरा, दीर आणि कॉम्प्युटर दुरुस्त करणारा. दिराने फुकटातल्या लिनक्ससाठी घसा कोरडा केला. नवऱ्याचं म्हणणं, चार लोक वापरतात तेच बरं. दुरुस्तीवाला दोघांनाही मान डोलवत होता. तिने चहा आत नेला. "ठेव तिथे," नवरा म्हणाला. झालं तिचं मत देऊन.

फुकटाने बाजी मारली. रविवारी दिराने काम उरकलं. एक फाईल गहाळ नाही, मशीनसुद्धा सुरू. खोट काढायला जागा नाही.

सोमवारी तिने स्क्रीन पाहिला आणि तळपायाची आग मस्तकात गेली.

तिची रीत अशी. पक्की झालेली पाटी स्क्रीनच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात. गिऱ्हाइकाने नाकारलेली खाली डावीकडे. अडकलेली मधोमध. नाव द्यायच्या भानगडीत ती पडलीच नाही. हात आपोआप जागेवर जायचा, अंधारात दिव्याच्या बटणाकडे जातो तसा. आणि आता दोनशे चौदा 'नवीन', आकड्यांच्या क्रमाने, कवायतीला उभ्या केल्यासारख्या!

त्यात नवऱ्याने हात दाखवून अवलक्षण केलं होतं. ती यायच्या आत एक फाईल उचलून कोरूनही टाकली होती. हॉस्पिटलची पाटी. प्रसूतिगृह, बाण डावीकडे.

"अहो, डावीकडे शवागार आहे!" ती कडाडली. "म्हणून तर त्यांनी हा नमुना परत पाठवला! बाळंतिणींना कुठे धाडताय?"

"मला काय स्वप्न पडतंय? तुझ्या फाईलींना धड नावं नाहीत!"

"अकरा वर्षं नव्हती. अकरा वर्षांत एक तरी बाण चुकला?"

दीर धावत आला. "वहिनी, मी एकूण एक फाईल जपून आणलीय हो."

"भावजी, घरातलं सगळं सामान एका पोत्यात कोंबलंत, आणि वर सांगताय चमचासुद्धा हरवला नाही!"

चार वाजता हॉस्पिटलचा माणूस येणार होता. ही पाटी चुकली तर उरलेल्या साठ पाट्यांचं काम दुसरीकडे जाणार होतं. तसं त्याने बजावलंच होतं.

"बसा," ती म्हणाली. "दोघंही. उघडा एकेक."

दोघं भाऊ खांद्याला खांदा लावून बसले. ती मागे हाताची घडी घालून उभी.

"ही नाही. खाली डावीकडे ठेवा. ही पण नाही. मध्ये. मध्ये म्हणजे मध्ये, भावजी!"

"जरा चहा तरी..." नवरा पुटपुटला.

"करा की. मला बिनसाखरेचा."

एकशे त्रेसष्टाव्या फाईलीत बाण उजवीकडे वळला. तिने मशीन लावलं. पावणेचारला पाटी हातात आली तेव्हा पितळ अजून कोमट होतं. माणूस आला, पाटी घेऊन गेला.

दिराने गळा साफ केला. "वहिनी, यातही हवं तिथे ठेवता येतात फाईली. जागा जशाच्या तशा ठेवल्या असत्या मी. आधी सांगायचं ना."

"आधी विचारायचं ना."

दोघं भाऊ उठू लागले.

"एक्कावन्न उरल्यात. उठताय कुठे?"

सभेच्या दिवशी केबिनमध्ये चार खुर्च्या होत्या. चौथीवर दिराची बॅग होती.